साहेबांचा खोकला

१ ऑक्टोबर १८९१, गुरुवार

आले एकदाची पॅरिसला! ऑसेरच्या स्टेशनावर मावशीने असं रडून घेतलं की जणू मला फासावर चढवायला नेत होते, आणि रडता रडता टोपलीत एक अख्खं सॉसेज, अर्धं चीज आणि चेरीच्या मुरंब्याची बरणी कोंबली. बरणी वाटेत फुटली. मुरंबा माझ्या एकुलत्या एक चांगल्या झग्यावर सांडला, आणि त्याच अवतारात मी गाएतां द मोर्सां यांच्या दारात उभी राहिले.

गाएतां द मोर्सां! आमच्या पाद्रीबुवांनी प्रवचनात बजावलं होतं की या माणसाच्या कविता वाचणाऱ्याच्या आत्म्याला वाळवी लागते. पुढच्या रविवारपर्यंत अर्ध्या ऑसेरने त्या वाचून काढल्या. मीही वाचल्या. मेलेल्या राण्या, अफू, सडत चाललेले राजवाडे. आत्म्याचं काय झालं ते देव जाणे, पण त्यांना हस्तलिखितांची नक्कल करायला माणूस हवा अशी जाहिरात दिसताच मी अर्ज ठोकला. माझं अक्षर बापाचं आहे, ताठ आणि जाड. तो नोटरीकडे कारकून होता. त्याचा हात लुळा पडल्यावर चार वर्षं त्याचे सगळे कागद मी त्याच्याच अक्षरात लिहिले, आणि कुणाला संशयही आला नाही.

दार देल्फीन लाकोंब यांनी उघडलं. साहेबांची चुलत बहीण आणि चिटणीस. पन्नाशीच्या, करड्या झग्यातल्या, बोटांना शाई. घरात सगळे त्यांना नुसतं बाई म्हणतात. माझ्या झग्यावरच्या डागाकडे बघून त्या म्हणाल्या, रक्त असेल तर साहेबांना आवडेल, मुरंबा असेल तर बार्बला. बार्ब म्हणजे स्वयंपाकीण, ब्रिटनी प्रांताची, दाराएवढी रुंद. तिने खरंच डागाला बोट लावून चाखून पाहिलं आणि साखर कमी पडली म्हणाली.

घर तिसऱ्या मजल्यावर, सां-स्युल्पीस चर्चच्या मागच्या गल्लीत. दिवाणखान्याला जांभळे पडदे, फुलदाणीत शाईच्या पाण्यावर जगवून करड्या केलेल्या लिली, आणि सगळीकडे ईथरचा गोडसर वास. बार्ब म्हणते, तिथे कोबी ठेवला असता तर निदान सूप झालं असतं.

बाईंनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली. मग म्हणाल्या, जरा खोकून दाखव. छातीचा रोग आहे की काय ते बघत असतील असं वाटून मी खणखणीत खोकले. आणखी घोगरं जमेल का, त्यांनी विचारलं. तेही जमलं. बाई खुश झाल्या आणि नोकरी पक्की झाली. मोठ्या लोकांच्या तऱ्हाच न्याऱ्या.

४ ऑक्टोबर

आज सगळं कळलं, आणि मी इतकी हसले की बार्बने माझ्या पाठीत धपाटे घातले.

साहेब नाहीतच! साहेब म्हणजे बाई.

पंचवीस वर्षांपूर्वी त्या लिमोजहून आल्या, चिनी मातीच्या बशांवर फुलं रंगवणाऱ्याची मुलगी. पियानो शिकवून पोट भरायच्या आणि कविता लिहायच्या. केस्नेल नावाच्या प्रकाशकाला त्यांनी वही दाखवली. तो म्हणाला, पोरी, पाप बाईने करायचं असतं, लिहायचं नसतं. अंगाईगीतं असतील तर आण. बाईंनी तीच वही पुरुषाच्या नावाने पोस्टाने धाडली. केस्नेलने उलट टपाली कळवलं की इतक्या खोल दरीत फक्त मर्दाची नजर उतरू शकते. झालं! पाच पुस्तकं निघाली, नाव झालं, आणि मग लोक त्या नावाला भेटायला यायला लागले. नावाला बिचाऱ्या बाईंनी आजारी पाडलं. आतल्या खोलीत साहेब पडून असतात, त्यांना माणसं सोसत नाहीत, पण दर मंगळवारी पाहुण्यांनी दिवाणखान्यात जमलेलं दारामागून ऐकायला त्यांना आवडतं. असं सगळं ठरलेलं.

मी हसत होते तेव्हा बाईही हसल्या. पाऊस होता म्हणून कुणाचा तरी कोट अडकवून बाहेर पडले, त्या म्हणाल्या, आता लोक कोटालाच नमस्कार करतात.

तर माझं काम हे. एरवी साहेबांच्या अक्षरात नक्कल करायची, आणि मंगळवारी आतल्या खोलीत साहेबांचे बूट घालून चालायचं, खुर्ची सरकवायची, खोकायचं. आजवर बार्ब हे करायची, पण तिचा खोकला ऐकून एका बॅरनच्या विधवेने साहेबांनी गाय पाळली आहे का असं विचारलं होतं. बूट मला फार मोठे. पुढे चिंध्या कोंबून घेतल्या.

६ ऑक्टोबर, मंगळवार

माझा पहिला प्रयोग. किल्लीच्या भोकाला डोळा लावून सगळं पाहिलं. तोंडाला पावडर फासलेले, प्रेमभंगाने वाळलेले तरुण कवी, ती विधवा, आणि मधोमध केस्नेल, पिंपासारखा. मी दोनदा खोकले. दिवाणखान्यात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. एका पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू दाबता दाबता खराच ठसका लागला, आणि तो सगळ्यांत चांगला ठरला.

पण एक गोष्ट मनाला लागली. बाई सबंध वेळ चहा देत फिरत होत्या, आणि एकानेही मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं नाही. एक पावडरवाला तर त्यांना म्हणाला, तुमचं भाग्य थोर, तुम्हाला त्यांच्या पेन्सिली तासायला मिळतात. बाईंनी मान डोलावली आणि त्याच्या कपात साखर घातली. मी असते तर चहा त्याच्या डोक्यावर ओतला असता.

११ ऑक्टोबर

बाईंची छाती खरोखरच खराब आहे. डॉक्टर हिवाळ्याबद्दल बोलतात, हिवाळ्यानंतरचं बोलायचं टाळतात. बाईंनी आज मला शेजारी बसवून सांगितलं की त्यांना मरायची भीती नाही, मोर्सां मेला असं छापून येईल त्याची आहे. त्यांना एक पुस्तक हवंय, एकच, ज्याच्यावर देल्फीन लाकोंब हे नाव असेल.

कविता तयार आहेत. मी आज पहिली उतरवली आणि हात थांबला, कारण आजवरच्या पाच पुस्तकांत कवितेतला बोलणारा पुरुष होता. इथे बाई बोलते.

राख केसांत माळून मी आले,
कुणी न बोलावता मी आले.

नुसतं आले लिहायला मला पंचवीस वर्षं लागली, बाई म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला आणि शब्द दिला की हे पुस्तक निघाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

१४ ऑक्टोबर

केस्नेलकडे वही घेऊन मीच गेले. त्याने चाळली, हसला, म्हणाला की साहेबांनी दोन शब्द प्रस्तावना लिहून दिली तर चुलत बहिणीची हौस भागवू. परवा मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं, असंही म्हणाला. मरणारे म्हणजे साहेब, असं त्याला म्हणायचं होतं. मी हो म्हणून आले. बाई म्हणाल्या, चला, माझीच प्रस्तावना मला मीच लिहायची, यापेक्षा घरचा आहेर कुठला! संध्याकाळी बार्बने अंडी घालून गोड पोळ्या केल्या आणि आम्ही तिघींनी सफरचंदाची दारू घेतली. बार्ब गायली. देवा, ते मात्र गाईसारखंच.

२० ऑक्टोबर, मंगळवार

हे कसं लिहू कळत नाही. साधंच लिहिते.

बाईंनी दुपारी मला केक आणायला पाठवलं. दुकानात गर्दी, मला उशीर झाला. परत आले तोवर पाहुणे जमलेले. मागच्या जिन्याने गुपचूप स्वयंपाकघरात शिरले आणि आतल्या खोलीकडे निघाले, तर तिथून बूट वाजल्याचा आवाज आला. जड पावलं, खिडकीपासून पलंगापर्यंत. मग खोकला.

बार्बने सांभाळून घेतलं म्हणायचं, असं वाटून मी वळले. बार्ब माझ्या मागेच होती. कोपरापर्यंत पिठात.

पाहुणे गेल्यावर बाई मला म्हणाल्या, आजच्याइतकं सुरेख तू कधीच खोकली नव्हतीस. त्या इतक्या आनंदात होत्या की मी गप्प बसले. बार्बने छातीवर क्रूस काढला आणि भांडी घासायला घेतली.

२७ ऑक्टोबर

प्रुफं आली. बाईंनी पहिलं पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

राख केसांत माळून मी आलो,
कुणी न बोलावता मी आलो.

सगळं पुस्तक असंच. जिथे बसले तिथे बसलो, जिथे रडले तिथे रडलो. बाईंनी तांबड्या शाईने एकूण एक जागा दुरुस्त केल्या. मग हसल्या. म्हणाल्या, छापखान्यातल्या जुळाऱ्यांची बोटं तरी काय करतील, अक्षरांचे खिळे जुळवताना त्यांना पुरुषांचीच सवय. मीही हसले. आज मंगळवार होता, पण बाईंना बरं नाही सांगून दिवाणखाना बंद ठेवला. आतल्या खोलीत कुणी नव्हतं. मी दाराला कान लावून ऐकलं नाही, तेव्हा नव्हतं असंच लिहिते.

३१ ऑक्टोबर

दुसरी प्रुफं. पुन्हा आलो. आणि पहिल्या पानावर कवी म्हणून मोर्सां.

माझं डोकं फिरलं. तडक छापखान्यात गेले आणि फोरमनला फैलावर घेतलं. भला माणूस. त्याने शपथ घेतली की सगळं दुरुस्त केलंय, आणि हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणत मला जुळवलेल्या खिळ्यांच्या फर्म्यापाशी नेलं. बापाने मला लहानपणी उलटी अक्षरं वाचायला शिकवलं होतं. मी वाकून वाचलं. आले. शिशात स्पष्ट, माळून मी आले. खाली बाईंचं नाव. मी बोट फिरवून पाहिलं. फोरमनने माझ्यासमोर शाईचा रूळ फिरवला, कागद ठेवला, दाबला, उचलला.

आलो.

त्याने पुन्हा केलं. आलो. तिसऱ्यांदाही आलो. जुळारी पोरं भोवती जमली होती, ती मागे सरकली. फोरमन मला म्हणाला की मादमुआझेल, हे काम घेऊन जा, कृपा करा. मी भर दुपारच्या उन्हात तो कागद हातात धरून रस्त्याने चालत आले.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अच्छा, म्हणजे तो ऐकतो सगळं.

३ नोव्हेंबर, मंगळवार

बाईंनी ठरवलं, छापून होत नाही तर तोंडाने सांगायचं. मी आत गेले नाही. बाईंच्या शेजारी उभी राहिले.

पाहुणे बसले. बाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मोर्सां नाही. कधीच नव्हता. पाचही पुस्तकं माझी आहेत. आवाज कापरा होता पण शब्द अन् शब्द कळत होता. मी ऐकलं. मी शपथेवर सांगते, मी ऐकलं.

कुणी दचकलं नाही. विधवा पंख्याने वारा घेत राहिली. एकाने बाईंच्या हातात आपला रिकामा ग्लास दिला.

मग बाईंनी कविता म्हटली, आलेची. तेव्हा एक पावडरवाला शेजाऱ्याला म्हणाला की ही बाई साहेबांचीच ओळ म्हणते, पण चुकीची म्हणते, तिथे आलो आहे. मी ओरडले. म्हटलं, अहो गाढवांनो, हीच ती, हिनेच लिहिलंय, डोळे फुटले का तुमचे! केस्नेलने माझा दंड हलकेच धरला आणि बाईंना थोडी विश्रांती द्या, बिचारीला सेवा करून करून भ्रम झालाय, असं कानात सांगितलं.

तेवढ्यात आत खोकला आला. सगळे उठून उभे राहिले, चर्चमध्ये राहतात तसे, दाराकडे तोंड करून. बाई आणि मी एकमेकींकडे पाहत राहिलो.

४ नोव्हेंबर

सकाळच्या उजेडात तिघींनी मिळून ती खोली उघडली. कुणी नाही. बूट पलंगाखाली. मी कोंबलेल्या चिंध्या काढून कोपऱ्यात नीट घडी करून ठेवलेल्या. टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्या आहेत, फेंगडं चालणाऱ्याच्या झिजतात तशा. मी तशी चालत नाही. बार्बही नाही.

बाई म्हणाल्या, पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी ठरवलं होतं की तो किंचित फेंगडा असेल. कुणाला सांगितलं नव्हतं.

बूट, कोट, टोपी, सगळं गाठोडं करून बार्बने खाली ओरडत जाणाऱ्या जुन्या कपडेवाल्याला देऊन टाकलं. बाईंनी खिडकी उघडली. आज पहिल्यांदा घरात ऊन आलं.

५ नोव्हेंबर

दरवानीण मादाम पिशो सकाळी वर आली. अशी फुललेली की विचारू नका. म्हणाली, साहेबांची प्रकृती सुधारली वाटतं! रात्री दहानंतर बाहेरून आले. नियमाप्रमाणे आपलं नाव सांगितलं, मोर्सां म्हणून, आणि मी दार उघडायची दोरी ओढली. काय अदब, काय आवाज! मादमुआझेल, तुम्ही फार चांगलं सांभाळलंत हो त्यांना.

बाईंनी तिला काही सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडेच बघून बोलत राहिली.

७ नोव्हेंबर

बार्बने टेबलावर दोन ताटं मांडली. बाईंचं सूप कुठे, मी विचारलं. ती म्हणाली, कोणत्या बाईंचं?

मला वाटलं चेष्टा करते. बाई समोरच बसल्या होत्या, हातात चमचा. मी बार्बला खांद्याला धरून वळवलं, म्हटलं, ह्या! वीस वर्षं जिच्या घरात चुलीशी राबलीस त्या! बार्बच्या तोंडावर खुळ्यासारखा गोंधळ. मग रडायला लागली. म्हणाली, मला काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय, पण काय ते कळत नाही. बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. बार्बने माशी बसल्यासारखं डोकं झटकलं.

माझं सूप मी बाईंना दिलं. पाणी आणायला खाली हौदावर उतरलो तेव्हा जिन्यात बसून मीही रडून घेतलं. बाईंना काय वाटत असेल ते मला बघवत नाही. त्या मात्र म्हणाल्या, अगं, मला सवय आहे. आता फक्त सगळं उघड झालं.

८ नोव्हेंबर

कालचं वाचलं. वर मी उतरलो असं लिहिलंय.

हाताची चूक. प्रुफं बघून बघून होतं असं. उतरले. उतरले. उतरले.

१० नोव्हेंबर, मंगळवार

पाहुणे आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बार्बने दार उघडलं, बार्बने चहा केला. मी आणि बाई बाईंच्या खोलीत कडी लावून बसलो. भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज. मधूनच एक आवाज, पुरुषाचा, शांत, लोकांना काहीतरी वाचून दाखवत होता. बाईंच्या नव्या कविता. सगळ्या. शेवटी टाळ्या.

चांगलं वाचतो, बाई म्हणाल्या. मग उशीत तोंड खुपसलं. असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं, आवाजच नाही. मी काय करू? मी काय करू सांगा कुणीतरी मला!

१२ नोव्हेंबर

मावशीचं पत्र. मी गेल्या आठवड्यात तिला लिहिलं होतं, मला येऊन घेऊन जा, आम्हा दोघींना घेऊन जा. तिने उत्तरात लिहिलंय — आदरणीय महाशय, आपलं पत्र पोचलं. मी अडाणी बाई, मोठ्या लोकांची थट्टा मला कळत नाही. माझी झेली आपल्याकडे सुखरूप पोचली ना एवढंच कळवा, तिने स्वतः दोन ओळी का लिहिल्या नाहीत —

मावशीला माझं अक्षर कळत नाही? चार वर्षं माझ्याच हातचे कागद बघत होती ती. की ते अक्षर कधी माझं नव्हतंच.

माझं नाव झेली मोर्व्हां. ऑसेर. झेली. मी बाई आहे. हे लिहावं लागतंय.

१३ नोव्हेंबर

बाईंना ताप. डॉक्टर आले. सरळ आतल्या खोलीत गेले, साहेबांना तपासलं, प्रकृती ठणठणीत आहे म्हणून बार्बला सांगितलं आणि गेले. मी जिन्यापर्यंत मागे धावले — धावलो — हाका मारल्या. वळून म्हणाले, आपण विश्रांती घ्या.

मला म्हणाले.

१४

बाई एवढंच मागतात — माझं नाव घे. मी म्हणतो देल्फीन लाकोंब. त्या डोळे मिटून ऐकतात. पुन्हा. देल्फीन लाकोंब. आवाज बसलाय माझा. मध्येच खोकला येतो, आणि तो आला की भिंतीपलीकडे काहीच ऐकू येत नाही. माझा थांबला की तिकडे —

दोन्ही कधी एकदम येत नाहीत.

बाईंच्याही लक्षात आलंय. माझा हात त्यांनी सोडला नाही. तू पळ, म्हणाल्या. तुझं अक्षर बघून मीच तुला निवडलं, मला क्षमा कर. मी म्हटलं, शब्द दिलाय.

१५ नोव्हेंबर

गेल्या. पहाटे. शेवटी त्यांच्या ओठांवर काहीतरी होतं. मी कान नेला. आले, म्हणत होत्या. मी आले. मी आ—

तोंड उघडंच राहिलं.

पाद्री आला नाही. बार्बला विचारलं तर म्हणते, कोण गेलं?

पुस्तक नाही तर नाही. पण मृत्यूच्या नोंदीत सरकारी शाईने त्यांचं नाव पडेल, पुढे कवयित्री असा शब्द पडेल, एवढं मी करणार. देवाशपथ करणार.

१६

नगरकचेरी. दोन साक्षीदार लागतात, आणि पुरुषच लागतात, बाईची साक्ष कायद्याला चालत नाही. दरवानिणीचा नवरा पिशो एक. दुसऱ्यासाठी मी भांडायचं ठरवून गेलो होतो. सगळं पाठ केलं होतं — बाई आहे म्हणून काय झालं, मी तिच्या उशाशी होते, मला माहीत आहे ती कोण —

भांडावं लागलं नाही. कारकुनाने माझ्याकडे बघितलं, उठून उभा राहिला, खुर्ची दिली. दौत माझ्याकडे सरकवली.

मग कायद्याप्रमाणे नोंद वाचून दाखवली. मयत स्त्री, लाकोंब, अविवाहित. व्यवसाय काही नाही.

मी म्हटलं — नाही, ती — लिहायची —

तो म्हणाला, साहेब, आपला मोठेपणा. पण लिहिता ते आपण. चिटणीस गेली, दुःख आहे खरं. माझ्या बायकोला आपल्या कविता पाठ आहेत, विशेषतः ती नवी, मी आलो —

मी ओरडायला तोंड उघडलं. खोकला आला. सगळी कचेरी उभी राहिली.

हात माझाच होता. सही झाली. ताठ, जाड. काय सही केली ते मी पाहिलं नाही. पाहिलं.

घरी चालत आलो. डावा पाय बाहेर पडतो. आतली खोली उघडी आहे, रिकामी आहे, बार्बने अंथरूण घालून ठेवलंय. जेवण साहेबांच्या टेबलावर मांडलंय.

बाईंची खोली मला सापडत नाही. भिंत आहे तिथे.

लवकर लिहितो. लिहिते. अजून आठवतंय. इथे एक बाई राहत होती. नाव — नाव सांगतो — करडा झगा, बोटांना शाई — पाचही पुस्तकं तिची. सहावंही. व्यवसाय काही नाही असं नव्हे. ती होती. ती चहा देत फिरायची आणि ती कव